म्हादईचे ३.९ टीएमसी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर कणकुंबी आहे. इथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. इथलाच कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून म्हादईत जातो आणि म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं कर्नाटकानं ठरवलं आणि वाद पेटला.

कर्नाटकाची गरज खरी आहे. हुबळी-धारवाडची तहान मलप्रभेवर भागते आणि याच पाण्यासाठी नरगुंद, नवलगुंदचे शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले आहेत. गोव्याची भीतीही तितकीच खरी. वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचा जोर ओसरला, की भरतीचं खारं पाणी नदीत आणखी आत शिरतं. पिण्याचं पाणी, काठची शेती आणि म्हादई अभयारण्य, सगळ्यालाच त्याची झळ बसू शकते.

असे तंटे नेहमीच्या दाव्यांसारखे चालत नाहीत. राज्यघटनेच्या कलम २६२ च्या आधारे १९५६ मध्ये आंतरराज्य नदी जलविवाद कायदा झाला. बोलणी फसली, तर केंद्र सरकार लवाद नेमतं आणि लवादाच्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.

पण वेळ किती जातो! गोव्यानं लवाद मागितला २००२ मध्ये, तो नेमला गेला २०१० मध्ये, निवाडा आला १४ ऑगस्ट २०१८ ला.

न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ यांच्या लवादानं गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. कर्नाटकाच्या वाट्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. ते पुन्हा नदीतच येतं. खरं भांडण आहे ते खोऱ्याबाहेर जाणाऱ्या ३.९ टीएमसीचं.

तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२० मध्ये निवाडा राजपत्रात आला, तर २०२३ मध्ये केंद्रानं त्याच्या अंमलबजावणीसाठी ‘प्रवाह’ हे प्राधिकरण स्थापलं.

म्हादई पावसाळ्यात दुथडी वाहते, उन्हाळ्यात रोडावते. वर्षाच्या बेरजेत ३.९ टीएमसी किरकोळ दिसतं. एप्रिल-मे महिन्यांत तेवढ्याचीच किंमत फार मोठी असते. म्हणून ‘प्रवाह’नं नदीचं पाणी महिन्यागणिक मोजून ते आकडे कणकुंबीपासून पणजीपर्यंत सर्वांसमोर ठेवायला हवेत.