‘ड’ जीवनसत्त्व आणि प्रोस्टेटचा कर्करोग
‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालची पुरुषग्रंथी) कर्करोग टळतो, असं कर्नाटकातल्या भालकी-आळंदकडेही कुणी ना कुणी सांगतं. या समजाला थोडा आधार आहे. उन्हानं कातडीत बनलेलं हे द्रव्य यकृत-मूत्रपिंडांतून जाऊन कॅल्सिट्रिऑल हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं द्रव्य) होतं. ते पेशीतल्या ग्राहकाला (निरोप घेणारं प्रथिन) चिकटतं, ठरावीक जनुकं चालू होतात आणि पेशीचं विभाजन मंदावतं. हे म्हणजे, तुरीला पाणी देताना बांधावरून हाक आली की दारं धरणारा खोऱ्यानं पाटात माती ओढतो, तसं. पाणी थबकतं, विहीर काही आटत नाही. पण विभाजनाचं हे मंदावणं प्रयोगशाळेतल्या पेशींत दिसलेलं. अमेरिकेत २५,८७१ जणांच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २००० युनिट घेणाऱ्यांतही कर्करोगाचं प्रमाण घटलं नाही.