जीपच्या इंजिनातील साखळी व दातेरी चक्रे

हिंगणघाट किंवा आर्वी येथील कापसाच्या जिनात पट्ट्यांवर फिरणारी चाके आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. एका चाकाची गती दुसऱ्यास द्यावयाची, एवढेच त्या पट्ट्याचे काम. तो किंचित घसरला तर काम थोडे मंदावते, याहून मोठी हानी होत नाही. मोटारीच्या इंजिनातही गती एका दांड्यावरून दुसऱ्यावर न्यावी लागते. परंतु तेथे एका दात्याइतकेही घसरणे चालत नाही. असे का, हे जीप गाडीच्या उदाहरणाने सांगण्याचा आमचा विचार आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीज जीप निर्माण केली. युद्ध संपल्यावर सैन्याच्या जुन्या जीपा आपल्या देशात विकल्या गेल्या आणि पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने जीपा जोडण्यास आरंभ केला. या गाडीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात खाली क्रँकशाफ्ट व बाजूस कॅमशाफ्ट असे दोन दांडे असतात. पहिल्यास पिस्टन फिरवितात. दुसरा झडपा उघडतो. पिस्टनच्या चार फेऱ्यांत, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन आवर्तनांत, प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून कॅमशाफ्टच्या चक्रास दुप्पट दाते ठेवून त्याची गती निम्मी केलेली असते. ही दोन चक्रे जोडणारी साखळी म्हणजेच टायमिंग चेन.

साखळी झिजते ती कशी? लोखंड रबराप्रमाणे ताणले जात नाही. प्रत्येक कडीतील खिळा थोडाथोडा झिजतो व त्या सर्वांची मिळून साखळी लांब होते. मग झडपा उशिरा उघडतात, गाडीचा जोर घटतो, पेट्रोल अधिक जळते आणि इंजिनाच्या पुढील बाजूस खडखड ऐकू येते. साखळीने दाता सोडला तर गाडी वाटेतच थांबते. गाडीत रोगी असेल आणि दवाखाना दहा कोस दूर असेल, तर या खडखडीकडे केलेल्या दुर्लक्षाचे मोल काय होईल, हे सांगावयास नको. ज्या इंजिनांत झडपा पिस्टनच्या माथ्यावर असतात, त्यांपैकी कित्येकांत पिस्टन झडपेवर आदळून ती वाकतेही.

अशा वेळी केवळ साखळी बदलून पैसे वाचवावे, असे मालकास वाटणे साहजिक आहे. परंतु जुन्या चक्राचे दाते झिजून आकड्यासारखे वाकडे झालेले असतात. त्यांवर नवी साखळी नीट बसत नाही व लवकर झिजते. यास्तव साखळी व दोन्ही चक्रे एकदमच बदलणे हेच खऱ्या काटकसरीचे होय.

काम करताना प्रथम रेडिएटर, पंख्याचा पट्टा व पुढील झाकण काढतात. पहिला पिस्टन वर आणून दोन्ही चक्रांवरील कोरलेल्या खुणा समोरासमोर आणतात. मग नवी चक्रे साखळीसह त्याच खुणांवर बसवितात. झाकण लावण्यापूर्वी इंजिन हाताने दोन पूर्ण आवर्तने फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही, हे चांगला मिस्त्री अवश्य पाहतो.

जीपविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. युद्धानंतर विलीजने साखळी काढून तिच्या जागी एकमेकांत गुंतणारी दातेरी चाके योजिली. ही सुधारणा जुन्या इंजिनात करावयाची झाल्यास नुसती चाके बदलून भागत नाही. साखळीने जोडलेले दोन दांडे एकाच दिशेने फिरतात. एकमेकांत गुंतलेली चाके मात्र उलट दिशांनी फिरतात. त्यामुळे कॅमशाफ्टही निराळा लागतो, आणि त्यावरून फिरणारा तेलाचा पंपही त्यास जुळणारा घ्यावा लागतो. हे न जाणता कोणी नवी चाके जुन्या कॅमशाफ्टवर चढवील, तर उत्तम माल घेऊनही इंजिन चालावयाचे नाही.

तात्पर्य, यंत्रातील कोणताही भाग एकटा नसतो. तो बदलण्यापूर्वी त्याचे सोबती कोण, हे विचारण्याची सवय आमच्या विद्यार्थिमित्रांनी सायकलच्या साखळीपासूनच लावून घ्यावी.