वासाबी आणि फेसलेली मोहरी

विज्ञान शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात जेवणाच्या सुट्टीत एका बाईंनी आमच्यापुढे हिरव्या वाटाण्यांचे पाकीट ठेवले. भाच्याने परदेशातून आणलेले. वर मोठ्या अक्षरांत ‘वासाबी’ आणि शेजारी हिरव्यागार पानांचे चित्र. "खाऊन बघा सर, थेट डोक्यात जाते," असे म्हणून त्यांनी पुढे विचारले, "आमच्या नववीच्या मुलांनी कुठेतरी वाचलंय की वासाबी फार पौष्टिक असते. खरंच का हो? आणि भाजलेला वाटाणा डोक्यात जातोच कसा?"

आम्ही पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचली. वाटाणे, तेल, साखर, स्टार्च, मीठ, हॉर्सरॅडिशची पूड, मोहरीची पूड आणि दोन रंग. यादीत वासाबी नव्हतीच. म्हणजे बाईंच्या एका प्रश्नाचे उत्तर निम्मे तिथेच मिळाले. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र आधी खरी वासाबी म्हणजे काय आणि तिचा तिखटपणा येतो कुठून हे पाहावे लागेल.

वासाबी ही मूळची जपानची वनस्पती. शास्त्रीय नाव युट्रेमा जॅपोनिकम. कूळ मोहरीचे, म्हणजे मुळा, कोबी, फ्लॉवर यांची ही नातलग. डोंगरातल्या थंड, वाहत्या ओढ्यांच्या काठी, सावलीत ती वाढते. खातात ते मूळ नव्हे, तर पाने गळून गेल्याच्या खुणा अंगावर बाळगणारे जाडसर हिरवे खोड. ते वापरण्याजोगे व्हायला दीड ते दोन वर्षे लागतात. पाणी वर्षभर साधारण १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि स्वच्छ हवे. शिझुओका प्रांतात आबे नदीच्या उगमाकडच्या उतोगी गावात सुमारे चारशे वर्षांपूर्वी तिची लागवड सुरू झाली असे मानतात. १७४४ साली इझू द्वीपकल्पातला इतागाकी कान्शिरो नावाचा मनुष्य अळंब्यांची लागवड शिकवायला उतोगीला गेला आणि परतताना वासाबीची रोपे घेऊन आला, अशी हकिकत तिकडे सांगतात. इझूमध्ये पुढे डोंगरउतारावर पायऱ्या पाडून, तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड आणि वर वाळू असे थर रचून त्यातून झऱ्याचे पाणी खेळवण्याची पद्धत विकसित झाली. पाणी गाळून निघते, थंड राहते आणि मुळांना प्राणवायू मिळतो. शिझुओकाच्या या शेतीला २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषी-वारशांच्या यादीत घेतले. असे पीक मुबलक आणि स्वस्त असणे अवघडच. नक्कल का होते, याचे कारण इथे आहे.

आता तिखटपणाकडे वळू. वासाबीचे खोड न चिरता नुसते हुंगले तर नाकाला फारसे काही जाणवत नाही. ते बारीक किसले की मिनिटाभरात वास चढू लागतो. याचा अर्थ तिखट पदार्थ खोडात तयार स्वरूपात नसतो, तो किसताना तयार होतो.

आपल्या घरातली मोहरी आठवावी. फोडणीत तडतडलेली मोहरी दाताखाली आली तर खमंग लागते, झोंबत नाही. तीच मोहरी कुटून पाण्यात फेसली की फेसणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येते. लोणचे घालताना ‘मोहरी नाकात जाईपर्यंत फेसावी’ असे घरोघरी सांगतात. मोहरी एकच, पण वागणूक दोन तऱ्हांची. वासाबीचे रहस्यही हेच आहे, कारण दोन्हींतले रसायन एका जातीचे आहे.

या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे साठवलेली असतात. त्यांच्या रेणूत ग्लुकोज, गंधक आणि नायट्रोजन असतो. वासाबी, हॉर्सरॅडिश आणि आपली मोहरी या तिन्हींत सापडणारे ग्लुकोसिनोलेट म्हणजे सिनिग्रिन. ते स्वतः कडवट असते, पण नाकाला झोंबत नाही. त्याच वनस्पतीत, मात्र वेगळ्या पेशींत किंवा पेशीच्या वेगळ्या कप्प्यात, मायरोसिनेज नावाचे विकर असते. जोवर भिंती शाबूत आहेत तोवर दोघांची गाठ पडत नाही. किसणीने, पाट्यावरवंट्याने किंवा अळीच्या जबड्याने पेशी फुटल्या की पाण्याच्या मदतीने विकर सिनिग्रिनमधले ग्लुकोज तोडून बाजूला करते, उरलेला रेणू आपली रचना बदलतो आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होते. झोंबणारा तो हाच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्यूसी यांनी १८४० च्या सुमारास मोहरीतून सिनिग्रिन आणि त्यावर काम करणारा पदार्थ असे दोन्ही वेगळे ओळखले होते. विकर म्हणजे नेमके काय हे जगाला नीट कळण्याच्या कितीतरी आधी!

वनस्पतीला ही यातायात कशासाठी? आयसोथायोसायनेट हे बहुतेक किडींना आणि अनेक सूक्ष्मजीवांना घातक असते. तयार विष अंगात बाळगले तर ते स्वतःलाही बाधेल. म्हणून दारू एका खोलीत आणि ठिणगी दुसऱ्या खोलीत. कुरतडणारा आला की दोन्ही एकत्र येतात. आपण ज्याला चव म्हणतो ती वनस्पतीच्या दृष्टीने संरक्षणाची तजवीज आहे.

मिरचीही तिखटच, पण तिचा तिखटपणा जिभेवर रेंगाळतो आणि हा नाकात चढतो. मिरचीतले कॅप्साइसिन सहजी उडून जात नाही. अलाइल आयसोथायोसायनेट मात्र बाष्पनशील आहे. घास तोंडात असतानाच त्याची वाफ घशामागून नाकात शिरते. तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीए-१ नावाचे ग्राही प्रथिन असते, त्याला हा रेणू जाऊन चिकटतो आणि वेदनेचा संदेश मेंदूकडे जातो. मोहरी आणि वासाबी या ग्राहीला चेतवतात हे २००४ साली स्पष्ट झाले. कॅप्साइसिनचा ग्राही वेगळा. तो शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि वासाबीच्या ग्राहीवरच्या कामातही त्यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. वाफ ओसरली की झोंबणेही ओसरते, म्हणून वासाबीचा ठसका काही सेकंदांचा असतो. हा संदेश झोपलेल्या माणसापर्यंतही पोचतो. ज्यांना ऐकू येत नाही अशांना आगीच्या वेळी जागे करण्यासाठी वासाबीच्या वासाची घंटा बनवणाऱ्या जपानी चमूला २०११ साली इग नोबेल मिळाले. हे पारितोषिक थट्टेचे असले तरी कल्पना थट्टेची नव्हती.

एवढे कळले की जपानी स्वयंपाकघरातल्या रीतींचा उलगडा आपोआप होतो. वासाबी शार्कच्या खरखरीत कातडीच्या किसणीवर गोल गोल फिरवून किसतात, कारण जितक्या जास्त पेशी फुटतील तितकी विक्रिया पूर्ण होते. किसल्यावर ती मिनिटे-दोन मिनिटे ठेवतात. मग मात्र घाई, कारण पंधरा-वीस मिनिटांत वाफ उडून चव उतरू लागते. सुशीत ती भात आणि मासा यांच्यामध्ये दडवलेली असते, त्यामुळे ती उघडी पडत नाही. कच्च्या माशाबरोबर, म्हणजे साशिमीबरोबर, ती माशावरच लावून घ्यावी असा जाणकारांचा आग्रह असतो. सोया सॉसमध्ये कालवली तर बराच ठसका वाया जातो. चरबीयुक्त माशाबरोबर जास्त वासाबी सहन होते, कारण झोंबणारा रेणू तेलात विरघळतो आणि नाकापर्यंत कमी पोचतो. थंड सोबा शेवयांच्या सारात ती आयत्या वेळी घालतात, शिजवताना कधीच नाही. पाने, देठ आणि फुलेही वाया जात नाहीत. तांदळाच्या मद्याच्या चोथ्यात देठ व खोडाचे तुकडे मुरवून केलेले वासाबीझुके हे शिझुओकाचे नावाजलेले लोणचे. एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. प्रयोगशाळेत आयसोथायोसायनेटची वाफ अनेक जिवाणूंची वाढ रोखते, आणि जपानमध्ये डब्यातले अन्न टिकवण्यासाठी तसे कागदही वापरतात. पण म्हणून चिमूटभर वासाबीने शिळा मासा खाण्याजोगा होत नाही, की माशातले कृमी मरत नाहीत.

आता पौष्टिकतेचा प्रश्न. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या वासाबीत १०९ किलोकॅलरी ऊर्जा, ४.८ ग्रॅम प्रथिने, ७.८ ग्रॅम तंतू, १२८ मिलिग्रॅम कॅल्शियम, ५६८ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि सुमारे ४२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले आहे. आकडे भारदस्त आहेत, आणि मुलांनी वाचले असतील ते बहुधा हेच. परंतु १०० ग्रॅम वासाबी कोण खाणार? एका जेवणात फार तर चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम. वरचे सगळे आकडे २० ने भागा. क जीवनसत्त्व २ मिलिग्रॅम, कॅल्शियम ६ मिलिग्रॅम, तंतू अर्धा ग्रॅमही नाहीत. प्रौढ माणसाला रोज ६५ ते ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, आणि १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. पेरू आपण शंभर ग्रॅम सहज खातो. तक्ता खोटा नाही, त्यातले माप आणि ताटातले माप वेगळे आहे. हा भागाकार मुलांकडून करून घ्यावा, मसाल्यांच्या बाबतीत तो नेहमीच उपयोगी पडतो.

वासाबीत पोषणद्रव्यांखेरीज एक लक्षवेधी संयुग आहे. त्याचे नाव ६-मिथाइलसल्फिनिलहेक्सिल आयसोथायोसायनेट. नाव लांबलचक असले तरी ब्रोकोलीतल्या, १९९२ साली गाजलेल्या सल्फोराफेनचे ते दोन कार्बन जास्त असलेले भावंड आहे. २०२३ साली जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी साठ ते ऐंशी वयाच्या ७२ निरोगी व्यक्तींवर त्याची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना १२ आठवडे रोज ०.८ मिलिग्रॅमची गोळी, काहींना औषध नसलेली गोळी. गोळी घेणाऱ्यांची स्मरणशक्तीच्या काही कसोट्यांतली कामगिरी सुधारली. निष्कर्ष कुतूहल वाढवणारा आहे, पण चाचणी लहान आहे, ती गोळीची आहे, ताटातल्या वासाबीची नाही. एवढ्यावरून परीक्षेच्या आधी वासाबी खा असे कोणी सांगितले तर आम्ही हात जोडू.

आणि बाईंच्या वाटाण्यांत तर वासाबीही नव्हती. हॉर्सरॅडिश हे युरोपातले पांढऱ्या, जाड मुळाचे त्याच कुळातले झाड. आपल्याकडे ते फारसे कोणाला ठाऊक नाही, तरी त्यातून काढलेले पेरॉक्सिडेज हे विकर जगभरच्या प्रयोगशाळांत रक्ताच्या चाचण्यांसाठी वापरतात, त्यामुळे आम्हा मंडळींचा त्याच्याशी स्वयंपाकघराबाहेर परिचय असतो. शेवग्याच्या मुळांची चव त्याच्यासारखी, म्हणून ब्रिटिशांनी शेवग्याला ‘हॉर्सरॅडिशचे झाड’ म्हटले. हॉर्सरॅडिशमध्येही सिनिग्रिन आहे, ते भरपूर पिकते, म्हणून त्याची पूड, मोहरी आणि हिरवा रंग मिळून वासाबीचा वेष तयार होतो. जपानबाहेर नळीत किंवा पुडीत मिळणारा माल बहुतांशी असाच असतो. रंगासाठी अनेकदा पिवळा टार्ट्राझिन आणि निळा ब्रिलियंट ब्लू एकत्र करतात. जपानमध्ये उत्पादकांच्या संघटनेचा संकेत आहे: निम्मी किंवा अधिक वासाबी असेल तर ‘खरी वासाबी वापरलेली’ आणि त्याहून कमी असेल तर ‘खरी वासाबी असलेली’ असे लिहायचे. एका क्रियापदाचा फरक, पण केवढा! झोंबण्यात नक्कल फार कमी पडत नाही. कमी पडते ती खऱ्या वासाबीच्या हिरव्या, ताज्या सुगंधात, कारण तो तिच्यातल्या लांब साखळीच्या आयसोथायोसायनेटांमुळे येतो. ती मोहरीत नसतात. लांब नावाचे ते स्मरणशक्तीवाले संयुगही नक्कलेत असेल अशी अपेक्षा धरू नये.

खरी वासाबी वर्गात आणणे परवडणार नाही, पण तिचे रसायन आठ आण्याच्या मोहरीतही तेच आहे. काळी किंवा तपकिरी मोहरी ताजी कुटून घ्यावी. पिवळी नको, तिचा तिखटपणा नाकात चढत नाही. पहिल्या वाटीत चमचाभर कोरडी पूड ठेवावी. दुसऱ्या वाटीत तेवढ्याच पुडीत गार पाणी कालवावे. आणखी दोन चमचे पूड पाण्यात पाच मिनिटे चांगली उकळून पूर्ण निववावी आणि तिसऱ्या व चौथ्या वाटीत निम्मी निम्मी ओतावी. चौथ्या वाटीत मग कच्च्या पुडीची एक चिमूट टाकावी. पाचव्या वाटीत साधे पाणी आणि तेवढीच चिमूट. सगळ्या वाट्या झाकून पंधरा मिनिटांनी हाताने वारा घालून वास घ्यावा, नाक खुपसू नये, डोळ्यांना बोट लावू नये. दमा किंवा मोहरीची ॲलर्जी असलेल्या मुलांना लांब बसवावे.

दुसरी वाटी झोंबेल, पहिली आणि तिसरी गप्प राहतील. चौथी वाटी पाचवीपेक्षा जास्त झोंबेल. ‘चिमूट टाकली म्हणून वास आला’ असे कोणी म्हटले तर पाचव्या वाटीकडे बोट दाखवावे, चिमूट तिच्यातही तेवढीच आहे. उकळण्याने नेमके कोण मेले आणि कोण शिल्लक राहिले, हे मुलांना आधी सांगू नये. बाईंनी हा प्रयोग आपल्या वर्गात केला तेव्हा एका मुलीने सहावी वाटी मागितली. तिला चिमूटभर मोहरीऐवजी किसलेला मुळा घालून पाहायचा होता.