घरातील शेवटचे पान

पथ्यापथ्याचा कागद लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसायातील नित्याचा भाग आहे. काय खावे, काय वर्ज्य करावे, कोणत्या वेळी जेवावे, हे आपण रुग्णाला समजावून सांगतो. परंतु हे पथ्य घरी शिजविणारी व्यक्ती स्वतः काय जेवते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आम्हीही तो अनेक वर्षे विचारला नव्हता, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे.

एक गृहिणी मधुमेही सासऱ्यांना घेऊन दर महिन्याला आमच्याकडे येत असत. कागदावरील प्रत्येक सूचना त्या काटेकोरपणे पाळीत. सासऱ्यांची प्रकृती सुधारल्याचे समाधान आम्हांस होते. एके दिवशी जिना चढून आल्यावर त्यांना लागलेली धाप आणि चेहऱ्यावरील फिकटपणा पाहून आम्ही सहज विचारले, "ताई, तुम्ही जेवता केव्हा?" त्या हसून म्हणाल्या, "सगळ्यांचं आवरलं की बसते. उरलेलं असतंच की काहीतरी." रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या आसपास निघाले. दीड वर्ष त्या आमच्यासमोर बसत होत्या आणि आमचे लक्ष मात्र सासऱ्यांच्या कागदावर होते.

प्रश्न एका घराचा नाही

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम लोह आवश्यक असते, तर मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रीस २९ मिलिग्रॅम. म्हणजे जिची गरज दीडपट, तिचेच पान घरात शेवटी मांडले जाते.

राशीचा विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. त्यांपैकी 'राशि' म्हणजे आहाराची मात्रा. तिचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन प्रकार मानले आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण म्हणजे सर्वग्रह, तर त्यातील प्रत्येक पदार्थाचे स्वतंत्र प्रमाण म्हणजे परिग्रह.

शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा भेद फार मोलाचा ठरतो. तिचे पोट भरत नाही असे नाही. भात उरतो, पोळ्या उरतात, पातेल्याच्या तळाशी आमटीचे पाणीही उरते. संपलेली असते ती उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर. सर्वग्रह पुरा होतो, परिग्रह ढासळतो. "दोन वेळा पोटभर जेवते" या उत्तरावर म्हणूनच आपण समाधान मानू नये. ताटात काय होते, हे एकेक पदार्थाचे नाव घेऊन विचारावे.

त्यात वेळेची अनियमितता येते. सकाळी केवळ चहा, दुपारी अडीच वाजता जेवण, रात्री शिळे संपविणे, हा क्रम म्हणजे शास्त्रात सांगितलेले विषमाशन होय. उपवासांची भर पडते ती निराळीच. साबुदाणा प्रामुख्याने पिष्टमय असून त्यातून लोह व प्रथिने नगण्य मिळतात. उपवास सोडा असे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, दूध व फळे सुचवावीत.

घरासाठी काही सूचना

प्रथम, वाढण्यास प्रारंभ करण्यापूर्वीच स्वयंपाक करणारीची उसळीची व भाजीची वाटी बाजूला झाकून ठेवावी. त्याहून उत्तम म्हणजे दिवसातून निदान एक जेवण सर्वांनी एकत्र करावे आणि वाढण्याचे काम आळीपाळीने घ्यावे.

दुसरे, धान्यात पालट असावा. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, तर तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमहूनही कमी. थंडीच्या दिवसांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी सर्वच कुटुंबाला हितकर आहे. उष्ण प्रकृतीच्या व्यक्तींना ज्वारी किंवा नाचणी सुचवावी.

तिसरे, वनस्पतिज लोह शरीरात सहज शोषले जात नाही. आवळा, लिंबू, पेरू यांसारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांची जोड दिल्यास ते अधिक शोषले जाते. उसळीवर लिंबू पिळण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने योग्यच आहे. याउलट चहातील टॅनिन शोषणात अडथळा आणते. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर असावे.

चौथे, भाजी-आमटीसाठी लोखंडी कढई पुन्हा वापरात आणावी. मात्र शिजलेला पदार्थ तिच्यात ठेवून देऊ नये.

चिकित्सकाची मर्यादा

केवळ आहाराने प्रत्येक रक्ताल्पता बरी होईल, असे आश्वासन आपण देऊ नये. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास कारण शोधावे. अतिरिक्त रजःस्राव, मूळव्याध, कृमी, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थॅलेसेमिया यांपैकी काय आहे, हे तपासणीनेच कळते. शासकीय आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या परस्पर बंद करण्यास सांगणे अयोग्य आहे. मंडूर वा लोहकल्प योजतानाही चालू औषधांची चौकशी अवश्य करावी.

वर उल्लेखिलेल्या भगिनींना अतिरिक्त रजःस्रावाचाही त्रास होता. स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला, औषधे आणि आहारातील पालट यांनी काही महिन्यांत त्यांची धाप कमी झाली. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा आवर्जून सांगितले, "आता आम्ही सगळे एकदमच बसतो. ती बसल्याशिवाय मी घास घेत नाही." हे कोणत्याही कागदावर आम्ही लिहून दिलेले नव्हते.

तेव्हापासून पथ्याच्या कागदावर आम्ही एक ओळ वाढविली आहे: स्वयंपाक कोण करते आणि ती व्यक्ती केव्हा, काय जेवते. आपल्या वैद्यबंधू-भगिनींनीही हा प्रश्न रुग्णपत्रिकेत समाविष्ट करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.