सातमाशी बाळाचा श्वास

सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही, ही समजूत खारबाव-भिवंडीकडे काय किंवा नागपुरात काय, अजूनही ऐकायला मिळते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गर्भात जितके दिवस अधिक, तितकी बाळाची जगण्याची शक्यता अधिक. याचे एक मोठे कारण फुफ्फुसात आहे आणि ते शाळेतल्या विज्ञानाने समजण्यासारखे आहे.

फुफ्फुसातले वायुकोश आतून ओले असतात. ओलाव्याचा पृष्ठताण त्यांना मिटवू पाहतो आणि कोश जितका लहान, तितका हा दाब जास्त. साबणाचे दोन असमान फुगे नळीने जोडले तर लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो. (वर्गात आधी विचारून पाहा, बहुतेकांचे उत्तर उलटे येईल.) मग आपले वायुकोश का मिटत नाहीत? त्यांच्या भिंतीतल्या पेशी सर्फॅक्टंट नावाचे स्निग्ध द्रव्य पाझरवतात. ते साबणासारखाच पृष्ठताण कमी करते. गर्भात ते साधारण चोविसाव्या आठवड्यापासून बनू लागते आणि चौतीस-पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते. या बाळांच्या श्वासविकाराचे मूळ त्याच्या कमतरतेत आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले.

अशा बाळाला प्रत्येक श्वास म्हणजे कोरा फुगा फुगवणे. ते कण्हते तेही उगाच नव्हे. श्वास सोडताना स्वरतंतू आवळून ते थोडी हवा आत राखत असते.

व्हेंटिलेटरने हवा आत ढकलता येते. त्याने जीव वाचतात, पण नाजूक कोश ताणले जातात आणि वाचलेल्या काही बाळांना फुफ्फुसाचा दीर्घ आजार जडतो. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दुसरी वाट दाखवली. श्वास बाळानेच घ्यायचा, आपण फक्त कोश मिटू द्यायचे नाहीत. हा सीपॅप.

त्याचा ‘बबल’ प्रकार वर्गात करून पाहता येतो. पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ ५ सेंटिमीटर बुडवून फुंका. बुडबुडा सुटायला पाण्याच्या तेवढ्या उंचीइतका दाब लागतो. ८ सेंटिमीटर बुडवा, गाल अधिक ताणतील. रुग्णालयात बाळाच्या नाकाशी उबदार, दमट हवा आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण सोडतात व बाहेर जाणारी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवतात. नळी जितकी खोल, तितका दाब. ऑक्सिजन मात्र मोजूनच द्यावा लागतो, जास्त झाल्यास दृष्टिपटलाला इजा होते.

तरीही काही बाळांना सर्फॅक्टंट बाहेरून द्यावेच लागते. ते डुकराच्या किंवा गुरांच्या फुफ्फुसातून काढतात. भारतात शेळीच्या फुफ्फुसातूनही काढले गेले आहे. किलोभराच्या बाळाला अर्धा चमचा पुरते. पण ते देण्यासाठी श्वासनलिकेत जाड नळी घालावी लागे, म्हणजे व्हेंटिलेटर आलाच! जर्मनीतल्या डॉक्टरांनी यातून मार्ग काढला. सीपॅपवर बाळ स्वतः श्वास घेत असतानाच अगदी बारीक नळी स्वरतंतूंमधून सरकवायची, औषध सोडायचे, नळी काढून घ्यायची. काही मिनिटांचे काम. २५ ते २८ आठवड्यांच्या ४८५ बाळांवरील चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. मृत्यू कमी झाले नाहीत, पण जगलेल्यांपैकी नुसत्या सीपॅपवरच्या ४५ टक्के बाळांना दीर्घ आजार झाला, तर हे औषध मिळालेल्यांत ३७ टक्के. आम्हाला हा फरक लहान वाटत नाही.

खारबावसारख्या गावासाठी मात्र जन्माआधीची गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास गर्भाचे फुफ्फुस लवकर पक्व होते, हे १९७२ पासून ठाऊक आहे. मग ते गावोगावी का देऊ नये? तसे सहा देशांत करून पाहिले गेले, त्यात नागपूर आणि बेळगावचा परिसरही होता. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा एकूण नवजात मृत्यू उलट किंचित वाढलेले दिसले. पुढे पाच देशांत, बेळगावसह, सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवून, अशा बाळांची काळजी घेऊ शकणाऱ्या रुग्णालयांतच ते दिले. २०२० च्या त्या निकालात नवजात मृत्यू २३.५ ऐवजी १९.६ टक्के होते. औषध तेच होते. म्हणून दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर आईलाच ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवावे, आणि पहिल्या महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद बरोबर न्यावा. इंजेक्शन द्यायचे की नाही, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.