गळ्याची गाठ व मेंदूचा हुकूम

करडू गळ्याशी सूज घेऊनच जन्मास आले, अंगावर केस विरळ, उभे राहण्याचेही त्राण नाही, असा प्रसंग शेळ्या पाळणारांवर कधी कधी येतो. अशा वेळी गाठीस डाग देण्याकडे कित्येकांचा कल असतो. आमच्या मते हा, गुन्हा एकाचा व दंड दुसऱ्यास, असा प्रकार होय.

गळ्यातील थायरॉइड ग्रंथी स्वतंत्र नाही. आमची हयात कचेरीत गेली, म्हणून उपमाही तिथलीच सुचते. थायरॉइड ही गावची चावडी. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ही तालुका कचेरी. आणि तिच्या वरचा हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग म्हणजे हुजूर. हुजुरातून टीआरएच नावाचे द्रव्य सुटते व बारीक रक्तवाहिन्यांतून पिट्यूटरीस पोचते. ती मग टीएसएच हा स्राव रक्तात सोडते आणि त्याच्या हुकुमाने थायरॉइड आयोडीन घेऊन थायरॉक्सिन तयार करते. शरीराची ऊब व वाढ या थायरॉक्सिनावर अवलंबून. ते रक्तात पुरेसे झाले की वरच्या दोन्ही ठिकाणी वर्दी पोचून हुकूम मंदावतो. मेंदूतीलच सोमॅटोस्टॅटिन व डोपामिन ही द्रव्ये टीएसएचला आवर घालतात. उंदरांस उपाशी ठेवले असता टीआरएच घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. दुष्काळी सालात खर्चास कात्री लावावी तसेच हे.

या टीआरएचचा शोध सोपा नव्हता. अमेरिकेत रॉजर गिलेमिन यांनी कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे मेंदू जमविले, अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे. सुमारे ३,००,००० मेंढ्यांच्या मेंदूंतून गिलेमिन यांच्या हाती अवघे १ मिलिग्रॅम द्रव्य आले! १९६९ साली त्याची घटना उलगडली. ते केवळ तीन अमिनो आम्लांचे निघाले. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात दोघांसही वाटा मिळाला.

आता करडाकडे वळू. गाभण शेळीच्या चाऱ्यात आयोडीन नसले, अथवा कोबीच्या जातीचा पाला अतिरेकाने गेला, तर पोटातील करडाचे थायरॉक्सिन भरत नाही. पुरे झाल्याची वर्दीच न गेल्यामुळे टीएसएचचे हुकूमावर हुकूम सुटतात व बिचारी ग्रंथी राबून राबून फुगते. तेव्हा डाग देण्याचे सोडून गाभण शेळीस आयोडीनयुक्त खनिज मिश्रण द्यावे. तेही पशुवैद्याने सांगितलेल्या मापानेच, कारण आयोडीन फाजील झाले तरीही गाठ येते.