दुष्काळाच्या यादीबाहेरचे अन्न

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या गोण्या आणि मक्याच्या राशी दिसतात, उपवासाच्या दिवसांत रताळीही मुबलक येतात. डोंगरातला रानकंद मात्र तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. तथापि गावाजवळून वाहणाऱ्या शिवना नदीच्या उगमाकडे, कन्नड तालुक्यातील सातमाळ्याच्या रांगांत, गौताळ्याच्या जंगलालगत वस्ती करून असलेल्या भिल्ल व ठाकर कुटुंबांच्या आहारात या कंदांना पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थान आहे.

पावसाळ्यात झुडुपांवर चढलेली करांद्याची वेल तिच्या हृदयाकृती पानांवरून ओळखता येते, आणि शेंडवेलीची पाने पाच-पाच पर्णिकांची असतात. परंतु कंदाचा खरा हंगाम कार्तिक-मार्गशीर्षात, वेल पिवळी पडून वाळल्यावर लागतो, कारण पानांनी तयार केलेले पिष्ट तोवर भूमिगत कंदात उतरलेले असते. अडचण अशी की, वेल वाळली की तिची खूणही नाहीशी होते. म्हणून कोणत्या खडकाच्या आडोशाला कोणती वेल होती हे श्रावणातच पाहून ध्यानात ठेवावे लागते. खंतीने खणताना कंद दगडांच्या सापटीत वाकडातिकडा शिरलेला आढळतो, त्यामुळे घाई केल्यास तो तुटतो. आणि जाणता खणणारा कंद काढून घेतल्यावर त्याचा वरचा, अंकुर फुटणारा भाग पुन्हा खड्ड्यात ठेवून त्यावर माती लोटतो. हे मला शेतीहून फारसे निराळे वाटत नाही.

स्वयंपाकातील ज्ञान याहूनही सूक्ष्म आहे. शेंडवेलीचा कंद उकडून खाता येतो. कडू करांद्याच्या चकत्या मात्र राखेच्या पाण्यात शिजवून पुनःपुन्हा धुवाव्या लागतात. वैजकंदात तर डायोस्कोरिन नावाचे विषारी अल्कलॉइड असते, म्हणून त्याच्या पातळ चकत्या टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात काही दिवस ठेवल्यावाचून कोणी तो तोंडी लावीत नाही. प्रयोगशाळेचे नावही ज्या काळी कोणाच्या कानी नव्हते, त्या काळी विष पाण्यात विरघळते, आणि ते पाणी वाहते असावे लागते, हे ज्यांनी अनुभवाने ठरविले, त्यांच्या बुद्धीविषयी मनात नितांत आदर उत्पन्न होतो.

सरकारी दप्तराने मात्र या अन्नाची दखल घेतली ती बहुतांशी आपत्तीच्या काळापुरती. मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवरचा डॉ. जे. सी. लिस्बोआ यांचा ग्रंथ १८८६ साली निघाला, त्यात १८७६-७८ च्या दुष्काळाच्या छायेत दुष्काळी वनस्पतींचा स्वतंत्र परामर्श होता, पुढे जी. ए. गॅमी यांनी १९०२ साली, १८९९-१९०० च्या, म्हणजे छप्पन्नाच्या, दुष्काळानंतर, तशाच वनस्पतींवर टिपण प्रसिद्ध केले. दोन्ही मोलाचे आहेत. परंतु त्यांतून वाचकाच्या मनात असा ग्रह होतो की, ज्वारी संपली म्हणून माणसे जंगलात गेली. डोंगरातल्या घरांत कंद हे सुकाळातलेही अन्न होते, ठरल्या ऋतूत, ठरल्या रीतीने शिजणारे. दुष्काळात मैदानातले लोकही तेथवर आले आणि त्यांच्या मागोमाग कारकुनाची लेखणी आली, एवढेच.

उत्तरेकडच्या अलास्कातील इनुपियाक लोक 'मासू' नावाची जंगली मुळे खणून सीलच्या तेलात साठवितात. तेथील युपिक लोक तर उंदरांच्या बिळांतील मुळांचा साठा घेताना बदल्यात सुकी मासळी ठेवून येतात. सातमाळा आणि तो हिमप्रदेश यांच्यात हवा, माती, वनस्पती यांचे काहीच साम्य नाही. घेतल्याची परतफेड करण्याची बुद्धी मात्र दोन्हीकडे दिसते.

हे कंद खणण्याच्या हक्काला आता कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या दिली आहे, तीत मुळे व कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्या कायद्यातील वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्येही येतात. अर्थात १९८६ साली अभयारण्य जाहीर झालेले गौताळाही तीत आले. हक्काचा दावा ग्रामसभेपुढे मांडावयाचा असतो. ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांच्या दृष्टीने नियमांतील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे: स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसांचा जबाब लेखी नोंदविला असेल, तर तो पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो.